मिसिसिपीवरील पडलेला पूल व हरवलेलीं गणितें : एका चौकशी-अहवालाचें परीक्षण

इतिहाससंशोधनाला वाहिलेल्या त्रैमासिकांत अमेरिकेंतील एका पोलादी पुलाच्या चौकशीचें परीक्षण पाहून कित्येक वाचकांस नवल वाटेल. पोथ्या, सनदा, महजर, पत्रें यांची चिकित्सा करणाऱ्या मंडळींना रिव्हेटांशीं व पोलादी पत्र्यांशीं काय कर्तव्य ? आमचें उत्तर असें कीं, या अहवालाचा विषय पूल हा असला तरी त्यांत केलेलें काम पुरावा वाचण्याचें आहे. चाळीस वर्षांपूर्वीं कागदावर एक आंकडा लिहिला गेला. तो चुकीचा होता. तो कोठून आला, कोणी तपासला, पुढें कोणी पाहिला आणि पाहूनहि कोणास कसा खटकला नाहीं, याचा शोध अहवालकारांनीं घेतला आहे. आम्ही पोथीच्या बाबतींत जें करतों तेंच हें. भेद एवढाच कीं, आमच्या पोथींतील अपपाठानें कोणाचा जीव जात नाहीं.

आधीं घटना सांगतों. संयुक्त संस्थानांपैकीं मिनेसोटा संस्थानांत, मिनिआपोलिस शहरीं, मिसिसिपी नदीवर आय-३५डब्ल्यू या राजमार्गाचा आठ पदरी पूल होता. तो नोव्हेंबर १९६७ मध्यें वाहतुकीस खुला झाला. एकंदर लांबी १,९०७ फूट. पैकीं सुमारें १,०६४ फुटांचा भाग पोलादी कैच्यांवर उभा, आणि त्यांतील नदीवरचा मुख्य गाळा ४५६ फुटांचा. आराखडा स्वेर्ड्रप अँड पार्सेल या सेंट लुई येथील अभियंत्यांच्या पेढीचा. १ ऑगस्ट २००७ रोजीं सायंकाळीं ६ वाजून ५ मिनिटांनीं, ऐन गर्दीच्या वेळीं, कैच्यांवरचा सुमारें १,००० फूट भाग कोसळला आणि मुख्य गाळा १०८ फूट खालीं नदींत पडला. पडलेल्या भागावर त्या क्षणीं १११ वाहनें होतीं. १३ माणसें दगावलीं, १४५ जखमी झालीं. त्या देशाच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळानें चौकशी करून १४ नोव्हेंबर २००८ रोजीं आपला अहवाल मंजूर केला. (त्याच जागीं काँक्रीटचा नवा पूल १८ सप्टेंबर २००८ रोजींच खुला झाला होता. म्हणजे अहवालाच्या आधीं पूल तयार ! आमच्याकडे बहुधा दोहोंचीहि वाट पाहावी लागते.)

पुढील विवेचन कळण्यासाठीं कैचीची रचना थोडी समजून घेतली पाहिजे. घराच्या आढ्याखालची लांकडी कैची ज्यानें पाहिली आहे त्याला ती नवी नाहीं. सरळ दांडे त्रिकोणांत जोडीत गेलें कीं भार दांड्यांतून ओढीनें किंवा दाबानें वाहत जातो. या पुलांत अशा दोन मोठ्या कैच्या समांतर होत्या व रस्ता त्यांच्या माथ्यावर होता. जेथें चार-पांच दांडे एकत्र येतात तेथें दोन्ही अंगांनीं पोलादाचा एकेक पत्रा ठेवून रिव्हेटांनीं सारें आवळतात. इंग्रजींत त्याला गसेट प्लेट म्हणतात. आम्ही जोडपत्रा म्हणूं. वरच्या जोडांना ‘यू’ व खालच्या जोडांना ‘एल’ हीं अक्षरें देऊन त्यांस अनुक्रमांक दिले होते. एका अर्ध्यांतील जोड यू-१०, तर दुसऱ्या अर्ध्यांतील त्याचाच जोडीदार यू-१० प्रतिचिन्हित. पोथीच्या पानाच्या दोन बाजूंस आपण अ आणि ब म्हणतों त्यांतलाच हा प्रकार.

आतां मंडळानें पुरावा कसा गोळा केला तें पाहूं. या भागांत अहवालाचें सामर्थ्य सर्वांत अधिक दिसतें. पडलेलें पोलाद नदींतून काढून जवळच्या बोहेमियन फ्लॅट्स नामक मैदानावर नेलें आणि तेथें प्रत्येक तुकडा पुलांत ज्या जागीं होता त्याच क्रमानें मांडला. सुटीं, वाळवी लागलेलीं पानें जमिनीवर पसरून ज्यांनीं कधीं पोथी लावली आहे त्यांना या कष्टाची किंमत सांगावयास नको. जवळच्या जलद्वारावर एक कॅमेरा होता. त्यांत पतनाचा प्रसंग टिपला गेला होता. त्याहून विलक्षण साधन एका विमानप्रवाशाकडून मिळालें. पूल पडण्यापूर्वीं सुमारें सव्वादोन तास आकाशांतून जातांना त्यानें सहज खालचें छायाचित्र घेतलें होतें. डागडुजीसाठीं पुलावर रचलेले वाळू-खडीचे ढीग नेमके कोठें होते हें त्या चित्रावरून ठरवितां आलें. त्या प्रवाशाच्या मनांत साक्ष देण्याचा हेतु मुळींच नव्हता, आणि म्हणूनच ती साक्ष उत्तम. बखरकार आपल्या धन्याविषयीं जें सांगतो त्यापेक्षां वाण्याच्या वहींतील एक ओळ अधिक विश्वसनीय कां मानावी, याचें इतकें स्वच्छ उदाहरण आमच्या पाहण्यांत दुसरें नाहीं.

एवढ्या साधनांवरून मंडळानें आधीं नेति नेति केलें आहे. एल-११ या जोडाचे पत्रे गंजले होते. पण पतन त्यामुळें नव्हे. पूर्वींच्या भेगा, उष्णतेनें होणारें प्रसरण, खांबांचें सरकणें, यांपैकीं एकहि कारण टिकत नाहीं. पोलाद तपासलें, तें ठरल्या प्रतीचें निघालें. उरला तो यू-१० चा जोड. तेथील जोडपत्रे अर्धा इंच जाड होते. यावयाचा भार पाहतां ते सुमारें एक इंच जाड असावयास हवे होते. कारखानदारानें नकाशांत लिहिल्याप्रमाणेंच पत्रे केले, बांधणाऱ्यानें नकाशाप्रमाणेंच बसविले. तेव्हां दोष मूळ आराखड्यांतच.

येथें आमच्या शास्त्राची एक जुनी समजूत उलटी पडते. ग्रंथांत अशुद्ध पाठ दिसला कीं कर्त्याला मोकळें सोडून आपण लेखकूस धरतों. लेखकूहि हें ओळखून असतो. म्हणूनच पोथीच्या शेवटीं तो दोषपरिहाराचा श्लोक घालतो आणि जसें पाहिलें तसें लिहिलें असें सांगून हात झटकतो. मिनिआपोलिसच्या पुलांत लेखकू खरोखरच निर्दोष होता, आणि चूक स्वतः ग्रंथकाराची होती. पाठचिकित्सेनें आदर्श प्रतीपर्यंत जातां येतें. पण आदर्श प्रत शुद्धच असली पाहिजे असें कोणी सांगितलें? महाभारताच्या आदिपर्वाची चिकित्सित आवृत्ति १९३३ सालीं पुरी करणाऱ्या डॉ. सुकठणकरांनीं परंपरेनें आलेला जुन्यांत जुना पाठ आणि कर्त्याचा मूळ पाठ यांतील अंतर फार कटाक्षानें पाळलें होतें. त्यांच्यानंतरच्या कित्येक संपादकांना तें पाळवत नाहीं. कठीण पाठ दिसला कीं ‘आर्ष प्रयोग’ म्हणून ते नमस्कार करून पुढें जातात. पुलाच्या बाबतींत असा नमस्कार कोणी केला तें पुढें येईलच.

चूक आराखड्यांत होती, हें मंडळाचें म्हणणें आम्हांस पूर्ण मान्य आहे. परंतु ती कशी झाली या प्रश्नावर मंडळानें जें विधान केलें आहे तेथें मात्र आम्हांस थांबावें लागतें. मंडळ म्हणतें कीं, जोडपत्र्यांवरील ताणाचें गणित कसें करावें हें या पेढीस ठाऊक होतें. तरी मुख्य कैचीच्या जोडपत्र्यांचीं आवश्यक तीं सर्व गणितें तिनें केलीं नाहींत. या विधानाला आधार काय ? पुलाच्या जुन्या दफ्तरांत इतर भागांचीं गणितें सांपडतात, मुख्य कैचीच्या जोडपत्र्यांचीं तेवढीं सांपडत नाहींत. सांपडत नाहींत म्हणून केलींच नाहींत !

असल्या अनुमानाशीं आमचा रोजचा संबंध येतो. अमुक मोहिमेचा उल्लेख दफ्तरांत नाहीं, सबब मोहीम झालीच नाहीं. अमुक कवीची एकहि सोळाव्या शतकांतील पोथी मिळत नाहीं, सबब कवि सतराव्या शतकांतला. असले वाद या त्रैमासिकांतून कमी झाले नाहींत. आमच्या मीमांसकांनीं या प्रश्नाचा विचार फार पूर्वीं करून ठेवला आहे. भाट्ट मतांत अनुपलब्धि हें स्वतंत्र प्रमाण आहे. परंतु नुसती अनुपलब्धि नव्हे, योग्यानुपलब्धि. वस्तु तेथें असती तर दिसलीच असती, अशी स्थिति असेल तरच तिच्या न दिसण्यावरून तिचा अभाव ठरतो. दिवा लावलेल्या खोलींत घट दिसला नाहीं तर घट नाहीं. अंधारांत दिसला नाहीं तर कांहींच ठरत नाहीं. तेव्हां प्रश्न असा पडतो कीं, चाळीस वर्षांपूर्वींचें एका पेढीचें दफ्तर ही दिवा लावलेली खोली आहे काय ?

मंडळाच्या बाजूनें एक गोष्ट बोलली पाहिजे. दफ्तर समूळ नष्ट झालें असतें तर वरील अनुमान अगदींच लंगडें झालें असतें. तसें नाहीं. गठ्ठ्यांतील शेजारचीं पानें आहेत आणि मधलीं नाहींत, ही स्थिति पूर्ण अंधारापेक्षां बरी. पण मधलींच पानें गहाळ झालेल्या पोथ्या आपण कांहीं थोड्या पाहिल्या नाहींत. एखादें प्रकरण कोणी पाहावयास नेलें व परत ठेवलेंच नाहीं, हा अनुभव ज्याला नाहीं तो संग्राहकच नव्हे. तेव्हां केवळ कागदांच्या अभावावर ‘गणित केलें नाहीं’ हें वाक्य उभें राहत नाहीं. आधारावांचून कांहीं लिहिणार नाहीं अशी मल्लिनाथाची प्रतिज्ञा आहे. तिच्या कसोटीला हें वाक्य जसेंच्या तसें उतरत नाहीं.

मौज अशी कीं, याहून सबळ आधार अहवालांतच आहे, आणि मंडळानें त्याच्यापासून निघणारी सारी फलश्रुति घेतलेली नाहीं. कमी ताकदीचे पत्रे केवळ यू-१० लाच नव्हते. यू-४, यू-१० व एल-११ या तीन जोडांत आणि पलीकडच्या अर्ध्यांतील त्यांच्या तीन जोडीदारांत, अशा सहा जागीं ते होते. आतां विचार करावा. दोषांची ही समता दोन्ही अर्ध्यांत सारखी आहे. यावरून दोष कारखान्यांतला नव्हे, नकाशांतला किंवा त्याच्याहि मागचा, एवढें सिद्ध होतें. समान स्खलन हें समान मूळ दाखवितें, हा आपला नेहमींचाच न्याय. पण त्यापुढेंहि जातां येतें. एकाच जोडाचा आंकडा चुकला असता तर नकाशा काढणाऱ्याच्या हातून एकाच्या जागीं अर्धा पडला असें म्हणतां आलें असतें. तीन निरनिराळ्या जोडांत तीन वेळां हात चुकला आणि तिन्ही वेळां उणेपणाकडेच चुकला, हें संभवत नाहीं. तेव्हां हा लेखनप्रमाद नव्हे. गणित करून तीन ठिकाणीं तें चुकलें म्हणावें तर, मंडळाच्याच म्हणण्याप्रमाणें, पेढीला गणित येत होतें. म्हणून या पत्र्यांची जाडी गणितावांचून, केवळ अंदाजानें अथवा पूर्वीच्या कच्च्या मसुद्यावरून आली असावी, हा पक्ष सर्वांत बलवान ठरतो. निष्कर्ष मंडळाचाच राहिला. मात्र आधार बदलला. हरवलेल्या कागदांवर मंडळानें जो भार टाकला आहे तो या सहा जोडांवर टाकावयास हवा होता. आणि ‘गणित केलें नाहीं’ याऐवजीं ‘केलें नसावें’ असें लिहावयास हवें होतें. ‘असावें’ हा शब्द संशोधकाच्या लेखणींत फार असूं नये हें खरें. पण जेथें हवा तेथें नसणें हाहि दोषच.

पूल चुकीचा होता तर चाळीस वर्षें उभा कसा राहिला, हा प्रश्न साहजिक आहे, आणि अहवाल त्याचें उत्तर चांगलें देतो. मूळ पुलावर मागाहून भर पडत गेली. १९७७ मध्यें पृष्ठभागावर सुमारें दोन इंच काँक्रीट चढविलें. १९९८ मध्यें मधला दुभाजक व कठडे बदलले, तेहि अधिक वजनाचे. २००७ च्या उन्हाळ्यांत पुन्हा डागडुजी निघाली. आठांपैकीं चार पदर बंद होते, आणि पतनाच्या दिवशीं खडी, वाळू, पाणी, यंत्रें व माणसें मिळून सुमारें ५,७८,००० पौंड वजन यू-१० च्या परिसरांत एकवटलें होतें. प्रक्षेपांमुळें ग्रंथ फुगतो तसा हा पूल जड होत गेला. पण दोष प्रक्षेपांवर ढकलण्याचा मोह मंडळानें टाळला, हें त्याच्या विवेकास शोभतें. पत्रे पुरेसे जाड असते तर एवढ्या भारानेंहि पूल पडता ना, असें त्यानें स्पष्ट म्हटलें आहे.

राहिला वाचकांचा प्रश्न. म्हणजे ज्यांनीं हा पूल वर्षानुवर्षें तपासला त्यांचा. अहवालांतील सर्वांत अस्वस्थ करणारा पुरावा येथेंच आहे. १९९९ व २००३ सालीं पाहाणीच्या निमित्तानें काढलेलीं छायाचित्रें मंडळानें मिळविलीं, आणि त्यांत यू-१० चे जोडपत्रे वांकलेले स्पष्ट दिसतात. अर्धा इंच जाडीचें पोलाद आपली दुर्बलता आठ वर्षें आधींपासून सांगत होतें. चित्रें काढणाऱ्यांचें लक्ष मात्र गंज व भेगा यांवर होतें. एका तपासनिसानें पुढें असेंहि सांगितलें कीं, तो बाक त्याला दिसला होता. पण तो मूळ बांधणीच्या वेळचा आहे असें समजून त्यानें तो टिपला नाहीं. झीज शोधणें हें आपलें काम, रचनेंतील दोष टिपणें नव्हे, अशी त्याची समजूत होती.

मूळचा आहे, म्हणून टिपावयाचा नाहीं ! वर ज्या नमस्काराचा उल्लेख केला तो हाच. आर्ष म्हणून अपाणिनीय रूप सोडून देणारा टीकाकार आणि मूळचा म्हणून बाक सोडून देणारा तपासनीस यांच्यांत आम्हांस फारसें अंतर दिसत नाहीं. पुलाची भारक्षमता ज्या रीतीनें मोजीत त्या रीतींतहि हीच श्रद्धा मुरलेली होती. दांड्यांचें गणित करीत. जोडपत्र्यांचें करीतच नसत. जोड हा दांड्यापेक्षां बळकटच असतो, हें गृहीत. गृहीत एकदां पक्कें झालें कीं डोळ्यांना दिसलेलेंहि दिसत नाहीं.

या ठिकाणीं आमचा मंडळाशीं दुसरा मतभेद आहे. पतनाच्या कारणांचा उपसंहार करतांना आराखड्याच्या चुकीस साहाय्यकारी म्हणून पेढीची अपुरी तपासणी व संघसरकारच्या आणि संस्थानच्या अधिकाऱ्यांचें अपुरें परीक्षण यांचा उल्लेख अहवालांत आहे, तो योग्यच. परंतु जोडपत्र्यांकडे झालेल्या दुर्लक्षाबद्दल बोलतांना तें सर्वमान्य प्रघाताच्या माथीं मारलें आहे. प्रघात हा कर्ता होऊं शकतो काय ? रूढि पूल तपासावयास जात नाहीं, माणूस जातो. आमच्या धर्मशास्त्रकारांनींहि अडचण आली कीं शिष्टाचाराकडे बोट दाखविलें आहे, आणि शिष्ट कोण हें मात्र विचारूं नये असा संकेत पाळला आहे. अपराध्यास शासन करणें हें या मंडळाचें काम नव्हे, पुढील अपघात टाळणें हें आहे, असें कोणी म्हणेल. आणि तें खरेंहि आहे. तथापि दोष नेमून देणें निराळें आणि कोणत्या दिवशीं, कोणत्या कागदावर, काय लिहावयाचें राहून गेलें हें नोंदणें निराळें. पहिलें न्यायालयाचें काम असेल. दुसरें इतिहासकाराचें आहे, आणि मंडळानें तें जितकें चिकाटीनें नकाशांच्या बाबतींत केलें तितकें पाहाणीच्या कागदांच्या बाबतींत उपसंहारापर्यंत नेलें नाहीं. मधल्या प्रकरणांत छायाचित्रें, तारखा, जबान्या साऱ्या आहेत. शेवटच्या वाक्यांत त्या विरघळून ‘प्रघात’ तेवढा उरला आहे.

फलाच्या दृष्टीनें मात्र अहवाल वांझ नव्हता. अंतिम निर्णयाची वाट न पाहतां जानेवारी २००८ मध्येंच मंडळानें शिफारस केली कीं, या जातीच्या सर्व पुलांवर नवा भार घालण्यापूर्वीं जोडपत्र्यांचें गणित करून पाहावें. पुढें भारक्षमता मोजण्याच्या रीतींतहि जोडपत्र्यांस जागा मिळाली.

जातां जातां संग्राहक मित्रांस एक विनंति. आपल्या संग्रहांत सुवाच्य, शिक्कामोर्तबाचीं, बाळबोध लेखनाचीं पत्रें जितक्या आदरानें ठेविलीं जातात तितक्या आदरानें कच्चे खर्डे, हिशेबाचे तुकडे, खोडाखोडीचे कागद ठेविले जात नाहींत. पेशवे दफ्तरांतून रियासतकार सरदेसायांनीं १९३० ते १९३४ या काळांत पंचेचाळीस भाग छापविले. त्यांतहि निवड झाली ती बहुतांशीं राजकारणाच्या कागदांची, आणि तत्कालीन गरज पाहतां ती तशीच व्हावयाची होती. मिनिआपोलिसला पक्के नकाशे अखेरपर्यंत सुरक्षित होते. पक्क्या नकाशानें पत्रा अर्धा इंच होता एवढें सांगितलें. तो अर्धा इंच कां, हें कच्च्या कागदानें सांगितलें असतें, आणि तोच नव्हता. एखाद्या जुन्या बांधकाम-खात्यांतील निवृत्त कारकुनाच्या घरीं गणितांचीं बाडें रद्दींत निघत असतील तर तीं तोलून घेऊं नयेत, चाळून घ्यावीं.

अहवालाची भाषा सरळ आहे, आकृत्या पुष्कळ व स्वच्छ आहेत. ज्यांना तो पाहावयाचा असेल त्यांनीं उपसंहारापासून आरंभ करूं नये. चौकशीचे मूळ कागद, जबान्या, छायाचित्रें व तज्ज्ञांचीं टिपणें मंडळानें लोकांस पाहावयास खुलीं ठेविलीं आहेत. त्यांत २००३ चीं छायाचित्रें आधीं पाहावीं, आणि कोणाचेंहि मत न वाचतां यू-१० चा पत्रा आपल्या डोळ्यांस सरळ दिसतो कीं वांकडा तें स्वतः ठरवावें.